बालपणीचे आघात, नैराश्य आणि तरुण वयातील निद्रासमस्या

उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• बालपणीचा आघात ही संकल्पना स्पष्ट करता येईल.
• नैराश्य ओसरल्यानंतरही निद्रासमस्या का टिकते, याची कारणमीमांसा करता येईल.
• निद्रानाशाच्या त्रिघटक प्रतिमानाचे उपयोजन करता येईल.
• उपचारांची दिशा सांगता येईल.

प्रास्ताविक

नैराश्यातून बाहेर पडलेली व्यक्ती पुन्हा कामाला लागते, माणसांत मिसळते. परंतु तिची झोप पूर्ववत होतेच असे नाही. घरातील मंडळी या जागरणाला आळस, मोबाइलचा नाद किंवा बेशिस्त समजतात. पुष्कळदा त्याची मुळे बालपणापर्यंत गेलेली असतात. आघात, नैराश्य आणि झोप यांचा परस्परसंबंध आपण या घटकात पाहणार आहोत.

विषय-विवेचन

१. बालपणीचा आघात

शारीरिक, भावनिक वा लैंगिक अत्याचार, दुर्लक्ष, घरातील हिंसा, पालकाची व्यसनाधीनता यांसारख्या अनुभवांना 'बालपणीचे प्रतिकूल अनुभव' म्हणतात. अमेरिकेतील सॅन दिएगो येथे डॉ. व्हिन्सेंट फेलिटी व डॉ. रॉबर्ट अँडा यांनी १९९५ ते १९९७ या काळात १७ हजारांहून अधिक प्रौढांकडून यासंबंधी माहिती मिळवली. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या निष्कर्षांनुसार, असा एकही अनुभव नसलेल्यांच्या तुलनेत चार किंवा अधिक प्रकारचे अनुभव असलेल्यांत मद्यासक्ती, अमली पदार्थांचा गैरवापर, नैराश्य व आत्महत्येचा प्रयत्न यांची जोखीम ४ ते १२ पट आढळली.

येथे दोन मर्यादा ध्यानात घ्याव्यात. ही माहिती प्रौढपणी आठवून सांगितलेली होती. तसेच जोखीम हे समूहाचे वर्णन असते. ते कोणा एका व्यक्तीचे भविष्य नसते.

२. आघात आणि झोप

झोप येण्यासाठी सुरक्षिततेची भावना आवश्यक असते. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका मुलीचे वडील रात्री दारू पिऊन घरी येत आणि आईला मारहाण करीत. दाराची कडी वाजेपर्यंत ती मुलगी कान देऊन जागी राहत असे. त्या वयात हे जागे राहणे हेच तिचे संरक्षण होते. धोका टळल्यानंतरही शरीराला जडलेली ही सवय सुटत नाही, तेव्हा तिला 'अतिसजगता' म्हणतात. दीर्घकालीन ताणामुळे कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे नियमन करणारी यंत्रणाही विस्कळीत होऊ शकते. दुःस्वप्ने पडत असतील, तर झोपेचीच भीती वाटू लागते.

३. नैराश्य आणि झोप

निद्रानाश किंवा अतिनिद्रा हे नैराश्याचे एक लक्षण आहे. मात्र हा संबंध दुहेरी आहे. दीर्घकाळ टिकलेला निद्रानाश नैराश्याची शक्यता वाढवतो. मनःस्थिती सुधारल्यावरही जी लक्षणे मागे उरतात, त्यांना 'अवशिष्ट लक्षणे' म्हणतात व निद्रानाश हे त्यांपैकी एक वारंवार आढळणारे लक्षण आहे. नैराश्य पुन्हा उद्भवण्याची जोखीम त्याच्याशी निगडित असल्यामुळे त्याकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही.

४. त्रिघटक प्रतिमान

आर्थर स्पीलमन व सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये निद्रानाशाचे तीन प्रकारचे घटक मांडले. वरील मुलगी आता २२ वर्षांची विद्यार्थिनी आहे, असे समजून ते पाहू.

(अ) प्रवणकारी घटक : बालपणापासूनची अतिसजगता.
(आ) अवक्षेपक घटक : १९व्या वर्षी आलेले नैराश्य.
(इ) टिकवून ठेवणारे घटक : रात्रीची भरपाई म्हणून दुपारी झोपणे, झोप येत नसतानाही अंथरुणात पडून राहणे, सतत घड्याळ पाहणे.

पहिले दोन घटक भूतकाळातील आहेत. तिसरा घटक वर्तमानातील असल्याने तो बदलता येतो. या प्रतिमानाचे व्यावहारिक महत्त्व येथेच आहे.

५. उपचारांची दिशा

संधी असूनही आठवड्यातून किमान तीन रात्री नीट झोप लागत नसेल, दिवसाच्या कामावर त्याचा परिणाम होत असेल आणि हे तीन महिने चालू असेल, तर त्यास दीर्घकालीन निद्रानाश म्हणतात. अशा प्रौढांसाठी 'बोधात्मक वर्तन उपचार' ही पहिली उपचारपद्धती असावी, अशी शिफारस अमेरिकेतील वैद्यकतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये केली. त्यातील प्रमुख सूत्रे अशी : रोज ठरावीक वेळी उठावे; झोप आल्यावरच अंथरुणावर जावे; बराच वेळ झोप न लागल्यास उठून शांत काम करावे; अंथरुणात अभ्यास करू नये. अंथरूण आणि जागरण यांचे जडलेले साहचर्य यामुळे सैल होते.

आघातग्रस्त व्यक्तीबाबत मंद दिवा, आतून लावता येणारी कडी अशा सुरक्षिततेच्या गरजांचा आदर करावा. जुने प्रसंग सांगण्याची सक्ती करू नये. दुःस्वप्नांसाठी तज्ज्ञांचे साहाय्य घ्यावे आणि नैराश्याची औषधे स्वतःहून बंद करू नयेत. केंद्र शासनाच्या 'टेलि-मानस' सेवेचा १४४१६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. जगणे नकोसे वाटू लागल्यास विलंब न करता मदत घ्यावी.

स्वयं-अध्ययन प्रश्न

१. अतिसजगता म्हणजे काय?
२. दुपारची झोप त्रिघटक प्रतिमानातील कोणत्या घटकात मोडते?
३. नोकरी सांभाळून रात्री अंथरुणात बसून अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला तुम्ही कोणता बदल सुचवाल? सकारण लिहा.

सारांश

बालपणी संरक्षण देणारे जागरण मोठेपणी समस्या बनू शकते. नैराश्य ओसरल्यावर उरणारा निद्रानाश हा स्वभावदोष नसून उपचार करता येण्याजोगी समस्या आहे. भूतकाळ बदलता येत नसला, तरी झोप बिघडवून ठेवणाऱ्या आजच्या सवयी बदलता येतात.

उत्तरे

१. धोका नसतानाही शरीर व मन सतत सावध राहण्याची अवस्था.
२. टिकवून ठेवणारा घटक.
३. अभ्यासासाठी वेगळी जागा निश्चित करावी, कारण अंथरुणाचे साहचर्य झोपेशीच राहणे आवश्यक आहे. घर लहान असल्यास अभ्यास संपेपर्यंत अंथरूण घालू नये.