पटावरचा न्याय

‘शह’, ‘काटशह’ आणि ‘मात’ हे शब्द ज्याच्या तोंडी कधीच आले नाहीत, असा मराठी माणूस विरळाच. संकटावर मात करावी, प्रतिपक्षाच्या डावाला काटशह द्यावा, कोणाच्या हातचे प्यादे होऊ नये, असे आपण सहज बोलून जातो. परंतु हे बोलताना आपण बुद्धिबळाच्या पटावरची भाषा वापरीत आहो, ह्याचे भान आपणांस क्वचितच असते. ‘शह’ हा शब्द ‘शाह’ म्हणजे राजा ह्या फारसी शब्दावरून आला. राजा हतबल झाला, त्यास सुटकेची वाट उरली नाही, म्हणजे ‘शाह मात’ झाली. खेळ मात्र मूळचा आपल्याच देशातला. येथे त्याचे नाव चतुरंग होते. हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे, म्हणून चतुरंग. हा खेळ इराणात गेला, तेथे त्याचे शतरंज झाले, आणि अरबांच्या संगतीने तो पुढे युरोपात पोहोचला. सासरचे दागिने अंगावर घालून लेक माहेरी यावी, तसा तो फारसी शब्दांचे लेणे लेऊन पुन्हा आपल्या घरी आला.

प्रवासात मोहऱ्यांची रूपेही पालटली. आपल्याकडे कोपऱ्यातील रथाची जागा हत्तीने घेतली आणि हत्तीच्या जागी तिरपा चालणारा उंट येऊन उभा राहिला. राजाशेजारचा वजीर युरोपात राणी झाला, आणि पंधराव्या शतकाच्या अखेरीस ह्या राणीला वाटेल तितकी घरे चालण्याचा अधिकार मिळून ती पटावरील सर्वांत सामर्थ्यवान मोहरा ठरली. घोड्याची अडीच घरांची उडी मात्र ह्या प्रवासात बदलली नाही.

इतक्या देशांतील, इतक्या भाषांतील माणसांस ह्या खेळाने का वेड लावावे? ह्याचे एक कारण असे, की ह्या पटावर दोघांनाही सारखाच न्याय मिळतो. सोंगट्यांच्या खेळात दान पडावे लागते. पत्त्यांच्या खेळात हाती कोणती पाने येतील, हे आपल्या स्वाधीन नसते. बुद्धिबळात दोन्ही पक्षांकडे सोळाच मोहरे, आणि तेही सर्वांच्या डोळ्यांसमोर मांडलेले. पांढऱ्या मोहऱ्यांना पहिली चाल मिळते, एवढाच काय तो लाभ. म्हणून स्पर्धेत खेळाडूंना शक्य तितके आलटून पालटून पांढरे व काळे मोहरे देतात. येथे नशिबास बोल लावण्याची सोय नाही. जे घडेल ते आपल्या चालीने घडेल.

आणि चाली तरी किती! पांढऱ्यास पहिल्या चालीसाठी २० पर्याय असतात: आठ प्याद्यांचे सोळा आणि दोन घोड्यांचे चार. काळ्यानेही तितक्याच पर्यायांतून उत्तर द्यावयाचे, म्हणजे दोन चालींत ४०० मार्ग झाले. पांढऱ्याच्या दुसऱ्या चालीनंतर हे मार्ग ८,९०२ होतात आणि काळ्याच्या दुसऱ्या चालीनंतर १,९७,२८१! प्रत्येकाने अवघे दोन वेळा हात पुढे केला आहे, तोच पाऊण हातांच्या पटावर जवळजवळ दोन लक्ष वाटा फुटल्या. त्यांतून आपली वाट आपणच निवडावयाची असते.

मी राहतो त्या कासारवाडीत ह्या समान न्यायाचा अनुभव वेगळ्या रीतीने येतो. पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या लोहमार्गावर, दापोडी आणि पिंपरी ह्यांच्या मध्ये हे स्थानक आहे. नाशिकचा रस्ता येथूनच फुटतो. १९५४ साली पिंपरीस प्रतिजैविकांचा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढे सर्व परिसर कारखान्यांनी गजबजला आणि महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून माणसे पोटासाठी येथे आली. कोणी साताऱ्याकडचा, कोणी सोलापूरकडचा, कोणी नांदेडचा, कोणी बुलढाण्याचा. प्रत्येकाने आपल्या ट्रंकेतून कपड्यांबरोबर आपल्या गावची बोलीही आणली आणि क्वचित बुद्धिबळाचा घडीचा पटही. संध्याकाळी पहिल्या पाळीची माणसे घरी येऊन चहा घेतात आणि एखाद्या ओट्यावर डाव मांडला जातो.

पट मांडला, की पहिला वाद नियमांचा. आपल्या जुन्या देशी पद्धतीत प्यादे पहिल्या चालीतही एकच घर पुढे जाई. राजाला एकदाच, त्याला शह मिळण्यापूर्वी, घोड्यासारखी उडी घेता येई. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. आणि प्रतिपक्षाचा राजा अगदी एकटा उरला, तर डाव बरोबरीत सुटला असे मानीत. प्याद्याने दिलेली मात म्हणजे ‘प्यादेमात’ ही तर मोठ्या मानाची समजली जाई. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे प्यादे पहिल्या चालीत दोन घरे जाऊ शकते, आणि पलीकडे पोहोचले म्हणजे त्याचा हवा तो मोहरा करता येतो. राजा तेवढा होता येत नाही. वयस्कर खेळाडू देशी नियम सांगतो, शाळेत शिकलेला मुलगा आंतरराष्ट्रीय नियम सांगतो. अशा वेळी शहाणे लोक एकच गोष्ट करतात: पहिले प्यादे हलविण्यापूर्वी नियम ठरवून घेतात. निम्मा डाव झाल्यावर आपल्या सोयीचा नियम काढणारा मनुष्य पटावर जिंकला, तरी ओट्यावर हरतो.

एका संध्याकाळी यंत्रावर पस्तीस वर्षे काम केलेले एक निवृत्त गृहस्थ नववीतल्या एका मुलाशी खेळत होते. मुलाने वजिराची चाल ओळखली आणि त्यांना कोंडीत धरले. पण मात देण्याच्या वेळी तो घुटमळला. भोवतीची मंडळी मोठी, समोरचे आजोबा वयाने वडील. हात पुढे होईना. ते गृहस्थ म्हणाले, “बाळ, तुला चाल दिसली आहे ना? मग खेळ. पटावर मी कोणाचा आजोबा नव्हे.” मुलाने मात दिली. त्यावर आजोबांनी मोहरे गोळा केले नाहीत. त्यांनी ते पाच चाली मागे नेऊन मांडले आणि मुलाला विचारले, “आता सांग, येथे मी काय करावयास हवे होते?” जाणत्या वयाच्या माणसाने लहानाकडून शिकावे, आणि त्यात दोघांपैकी कोणालाही संकोच वाटू नये, अशी जागा समाजात फारशी नसते. चौसष्ट घरांचा पट ही तशी एक जागा आहे.

परंतु पट न्यायी असला, तरी पटापर्यंत कोणास येऊ द्यावयाचे, हे माणसेच ठरवीत असतात. तेथे मात्र नेहमी न्याय होतोच असे नाही.

अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ साली स्थापन झाला. १९५५ साली आंध्रातील एलुरू येथे पहिली राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरली, आणि तीत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे व आंध्राचे डी. वेंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. त्याआधीच, १९४१ साली, सांगलीत नूतन बुद्धिबळ मंडळाची स्थापना झाली होती. भाऊसाहेब पडसलगीकरांनी ह्या मंडळासाठी आपले आयुष्य वेचले आणि सांगली हे बुद्धिबळाचे गाव म्हणून ख्यातीस आले. स्त्रियांची स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू होण्यास मात्र १९७४ साल उजाडावे लागले. बंगळूर येथे झालेल्या त्या पहिल्या स्पर्धेत मुंबईच्या वासंती खाडिलकर विजयी झाल्या. वासंती, जयश्री आणि रोहिणी ह्या तिघी बहिणी ‘नवाकाळ’ दैनिकाचे संपादक नीलकंठ खाडिलकर ह्यांच्या कन्या. पुढील काही वर्षे स्त्रियांचे राष्ट्रीय अजिंक्यपद ह्या एकाच घरात नांदले.

१९७६ साली धाकटी रोहिणी तेरा वर्षांची होती. तिने पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत भाग घेतला. त्यापूर्वी कोणत्याही मुलीने ते केले नव्हते. ह्यावर मोठे वादळ उठले. मुलीने पुरुषांच्या स्पर्धेत खेळावे काय, असा प्रश्न विचारला गेला आणि प्रकरण न्यायालयापर्यंत गेले. त्या वेळी जागतिक बुद्धिबळ महासंघाचे अध्यक्ष मॅक्स युवे होते. ते १९३५ ते १९३७ ह्या काळात जगज्जेते होते. व्यवसायाने मात्र गणिताचे शिक्षक होते आणि अ‍ॅमस्टरडॅममधील मुलींच्या शाळेत त्यांनी अध्यापन केले होते. राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेत भाग घेण्यास स्त्रियांना मज्जाव करता येणार नाही, असा निर्णय त्यांनी दिला. रोहिणी खाडिलकर पुढे १९८१ साली आशियाई विजेत्या झाल्या, हे खरेच. परंतु १९७६ सालची ती लढाई कोणत्याही पदकाहून मोठी होती. पट तिला नाही म्हणत नव्हता. नाही म्हणत होती ती पटाभोवतीची माणसे. ज्या खेळात सर्वांत बलवान मोहऱ्याला अर्धे जग राणी म्हणते, त्या खेळात ही अडचण यावी, ही नवलाची गोष्ट होय.

त्या निर्णयास जवळजवळ अर्धे शतक लोटल्यावर नागपूरची एक मुलगी जॉर्जिया देशातील बाटुमी ह्या शहरी स्त्रियांच्या विश्वचषक स्पर्धेसाठी गेली. तिचे नाव दिव्या देशमुख, वय एकोणीस. ग्रँडमास्टर हा किताब मिळविण्यासाठी सामान्यतः तीन स्पर्धांतून ठरावीक निकष पूर्ण करावे लागतात. दिव्याच्या गाठी त्यांपैकी एकही नव्हता. एकेक फेरी जिंकत ती अंतिम सामन्यास पोहोचली, तेव्हा समोर होत्या कोनेरू हंपी, २००२ साली ग्रँडमास्टर झालेली पहिली भारतीय स्त्री. दोन्ही दीर्घ डाव बरोबरीत सुटले. २८ जुलै २०२५ रोजी जलद डाव झाले. पहिला बरोबरीत गेला आणि दुसरा दिव्याने जिंकला. नियमानुसार ह्या विजयाबरोबरच ती ग्रँडमास्टर झाली. डाव संपल्यावर तिने आईला मिठी मारली, तेव्हा तिचे अश्रू आवरत नव्हते. एकेक घर पुढे सरकणारे प्यादे आठव्या घरात पोहोचून वजीर होते, असे आपण लहानपणी शिकतो. त्या दिवशी ते साऱ्या जगाने प्रत्यक्ष पाहिले.

आता स्पर्धेच्या दालनातील काही रीती पाहू. त्या रोजच्या जगण्यातही उपयोगी पडतात. पहिली रीत अशी, की हात लावलेला मोहरा हलवावाच लागतो. घरच्या खेळात आपण ‘चाल मागे घेतो’ म्हणतो. स्पर्धेत ती सवलत नाही. म्हणून चांगला खेळाडू आधी विचार करतो आणि मग हात उचलतो. तोंडातून निघालेल्या शब्दालाही हाच नियम लागू आहे. दुसरी रीत घड्याळाची. दोघांना ठरावीक वेळ मिळतो आणि ज्याची चाल असेल त्याचेच घड्याळ चालते. एकाच चालीवर सारा वेळ खर्च करणारा खेळाडू उत्तम स्थितीत असूनही हरतो. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत पहिल्याच प्रश्नात अडकून पडणाऱ्या विद्यार्थ्याचेही असेच होते. तिसरी रीत नोंदीची. दीर्घ डावात प्रत्येक खेळाडू दोघांच्याही चाली कागदावर लिहीत जातो. त्यामुळे हरलेला डावही वाया जात नाही. घरी नेऊन तो पुन्हा मांडता येतो आणि चूक नेमकी कोठे झाली ते शोधता येते. आणि चौथी रीत हस्तांदोलनाची. डावाच्या आरंभी आणि शेवटी दोघे हात मिळवितात. जिंकणाऱ्याने उन्मत्त होऊ नये आणि हरणाऱ्याने पट उधळू नये, हा त्याचा अर्थ.

जागतिक बुद्धिबळ महासंघाची स्थापना १९२४ साली पॅरिस येथे झाली. ‘आपण सारे एक कुटुंब आहोत’ हे त्याचे बोधवाक्य लॅटिन भाषेत आहे. परंतु ते समजण्यास लॅटिन येण्याची आवश्यकता नाही. ज्यांना एकमेकांच्या भाषेतील एक अक्षरही कळत नाही, अशी दोन माणसे पटाशी बसून चार तास मुकाट्याने एकमेकांचे मन ओळखीत असतात.

विद्यार्थिमित्रांनो, तुम्ही सारेच मोठे खेळाडू व्हाल असे नाही, आणि व्हावयास हवे असेही नाही. परंतु एक गोष्ट तुम्हां सर्वांना करता येईल. तुमच्या शाळेत, तुमच्या आळीत डाव मांडलेला असेल, तेव्हा भोवती कोण उभे आहे ते पाहा. एखादी मुलगी, एखादा नवा आलेला, बोली वेगळी असलेला मुलगा, एखादा लहान भाऊ दुरून पाहत असेल. त्याला विचारा, “खेळतोस का?” आणि बसण्यापुरती जागा करून द्या. पुढचे सारे त्याच्या आणि पटाच्या स्वाधीन.

स्वाध्याय

१. बुद्धिबळात ‘नशिबास बोल लावण्याची सोय नाही’ असे लेखक का म्हणतो?
२. देशी आणि आंतरराष्ट्रीय नियमांतील कोणतेही तीन फरक सांगा.
३. “पटावर मी कोणाचा आजोबा नव्हे.” ह्या उद्गारातून बोलणाऱ्याचा कोणता स्वभाव दिसतो?
४. १९७६ सालच्या प्रसंगात अन्याय कोणता होता व तो कसा दूर झाला, ते आपल्या शब्दांत लिहा.
५. शह देणे, काटशह देणे, मात करणे, हातचे प्यादे होणे ह्या वाक्प्रचारांचा अर्थ सांगून प्रत्येकाचा वाक्यात उपयोग करा.