विमानशाळेची फी भरण्याआधी

हिंगणघाटच्या बाजारात कापूस मुठीत घेऊन पाहिल्याशिवाय आम्ही भाव बोलत नाही. विमानशाळेला मात्र छापील पत्रक पाहूनच लाखो रुपये देऊन बसतो.

खासगी परवान्याला वय 17, दहावी पास आणि किमान 40 तासांचे उड्डाण लागते. पण त्यावर मोबदला घेऊन विमान चालवता येत नाही! नोकरीसाठी व्यावसायिक परवाना हवा, त्याला 200 तास. हा फरक न कळता दुकान गहाण पडू नये. व्याजी कर्ज तर नकोच.

पहिल्यांदा वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. डोळ्यांत दोष निघाला तर भरलेली फी अडकते. रेडिओवरचे बोलणे इंग्रजीत चालते, म्हणून उर्दू-मराठी शाळेतल्या मुलामुलींनी ते आतापासूनच पक्के करावे.

आपल्याला जवळ म्हणजे नागपूरचा फ्लाइंग क्लब. गोंदियाजवळ बिरसीची संस्था मुख्यतः व्यावसायिक परवान्याची. कुठेही जा, नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची चालू मान्यता पाहा. विमाने किती, त्यांतली उडती किती, महिन्याला एका विद्यार्थ्याला किती तास मिळतात? हे कार्यालयात नव्हे, तिथे शिकणाऱ्यांना बाजूला घेऊन विचारावे. पावसाळ्यात तास घटतात, तेही हिशेबात धरावे. पैसे एकरकमी देऊ नयेत. तास उडतील तसे, पक्क्या पावतीवर द्यावेत.