डोळ्यामागची वेदना : एक दुर्मिळ विकार

डोळा दुखू लागला की आपण कारणही डोळ्यातच शोधतो. थेंब घालतो, चष्म्याचा नंबर तपासून घेतो. परंतु ‘टोलोसा-हंट’ विकारात नेत्रगोल बहुधा निरोगीच असतो. बिघाड असतो तो त्याच्या मागे, कवटीच्या तळाशी. दहा लाख लोकसंख्येमागे वर्षाला सुमारे एक रुग्ण, इतके त्याचे प्रमाण अल्प मानले जाते. स्पेनमधील शल्यविशारद एदुआर्दो टोलोसा यांनी १९५४ साली अशा रुग्णाची नोंद केली. १९६१ साली अमेरिकेत विल्यम हंट व सहकाऱ्यांनी आणखी काही रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध केले.

नेत्रखोबणीच्या मागे दोन्ही बाजूंस एकेक शिरापोकळी असते. डोळा फिरविणारे तिसरा, चौथा व सहावा हे मज्जातंतू आणि कपाळाची संवेदना वाहून नेणारी पाचव्या मज्जातंतूची शाखा येथूनच जातात. या चिंचोळ्या जागेत दाह उद्भवला की हे तंतू दाबले जातात. हा दाह का होतो, याचा उलगडा अद्याप झालेला नाही. एका डोळ्यामागे कोरल्यासारखी वेदना सुरू होते. त्याच वेळी किंवा दोन आठवड्यांच्या आत डोळा फिरेनासा होतो, एकाच्या दोन वस्तू दिसतात, पापणी लोंबते.

निदानाची खरी कसोटी पुढेच आहे. मधुमेह, गाठ, रोहिणीचा फुगवटा, क्षय, बुरशीचा संसर्ग यांतही हीच लक्षणे दिसू शकतात. म्हणून रक्तशर्करा व इतर रक्ततपासण्या, औषध टोचून काढलेले एम.आर.आय. चित्र आणि गरजेनुसार पाठीच्या मणक्यातील पाण्याची तपासणी करून ही कारणे वगळावी लागतात. उपचार स्टिरॉइडचा. योग्य मात्रा दिल्यास वेदना बहुधा तीन दिवसांत ओसरते. डोळ्याची हालचाल पूर्ववत होण्यास मात्र आठवडे, कधी महिनेही लागतात. तथापि आराम पडला म्हणजे निदान पक्के झाले, असे नव्हे. लसीका-ग्रंथींचा कर्करोगही स्टिरॉइडने काही काळ दबतो. बुरशी असेल तर तेच औषध घातक ठरते. २०२१ साली कोविडनंतर म्युकरमायकोसिसने आपल्या राज्यात किती जणांचे डोळे व प्राण घेतले, हे गावोगावच्या कार्यकर्त्यांना वेगळे सांगावयास नको.

तेव्हा डोळ्यामागे तीव्र वेदना आणि एकाच्या दोन वस्तू दिसणे, ही जोडी आढळताच रुग्णास विनाविलंब मोठ्या रुग्णालयात पाठवावे. त्याला मधुमेह असेल तर एक दिवसही थांबू नये. हा विकार वर्षांनंतरही उलटू शकतो. अशा वेळी जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून परस्पर गोळ्या आणण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळून पूर्वीची चित्रे व कागद घेऊन पुन्हा तज्ज्ञांकडेच जावे. चालू असलेले स्टिरॉइडही आपल्या मनाने एकाएकी बंद करू नये.