अक्कलदाढ काढल्यानंतर घरी घ्यायची काळजी

शिक्षक आणि पालक मित्रहो, अक्कलदाढ साधारण १७ ते २५ या वयात येते, म्हणजे नेमकी बारावी-कॉलेजच्या काळात. जागा नसली की ती आडवी अडकते आणि काढावी लागते. ऑपरेशन डॉक्टर करतात. पुढची काळजी मात्र घरीच घ्यायची असते.

एकच गोष्ट मुलांना नीट समजावून सांगा. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते, ती म्हणजे जखमेची खपलीच. ती निघाली की आतलं हाड उघडं पडतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानापर्यंत ठणका लागतो. खालचे सगळे नियम तिच्यासाठीच आहेत.

पहिले २४ तास :
१) बोळा अर्धा ते पाऊण तास घट्ट दाबून धरा.
२) थुंकू नका, चूळ भरू नका, स्ट्रॉने काही पिऊ नका. लाळ गिळायची.
३) गालावर बाहेरून बर्फ लावा. गरम शेक नको.
४) बधिरपणा गेल्यावरच खा, नाहीतर ओठ चावला जातो. दही, ताक, गार मऊ भात चालेल. गरम चहा नको.

दुसऱ्या दिवसापासून :
१) ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून हळूच गुळण्या करा.
२) बाकीचे दात ब्रशने घासा.
३) तंबाखू, मिश्री, सिगारेट बंद.
४) गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा.

सूज दोन-तीन दिवस वाढते, मग उतरते. ती नंतरही वाढली, रक्त थांबेना, ताप आला किंवा गिळायला त्रास झाला, तर घरगुती उपाय करत बसू नका. लगेच डॉक्टरांकडे जा.