घरातले प्लेटिंग : न दुखणारा खड्डा

विहारात वंदना झाल्यावर एका ताईंनी आमच्यापुढे हात केले. बोटांच्या सांध्यांवर लहान गोल खड्डे, कडा जाड. "दुखत नाही, म्हणून इतके दिवस दाखवलं नाही," म्हणाल्या. त्यांच्या घरी मोरीशेजारी गाडीचे नट, बोल्ट, क्लिपा झिंक करून पिवळ्या पाण्यात बुडवायचे काम चालते. असा खड्डा क्रोमने पडतो. तो दुखत नाही, म्हणूनच माणूस फसतो.

त्या पिवळ्या पाण्यात बहुधा डायक्रोमेट असते. कातडीवर जरा चीर असली की ते आत शिरते. बोट नाकाला लागले तर नाकाच्या आतल्या पडद्याला छिद्र पडू शकते, तेही न दुखता. क्रोम प्लेटिंगच्या टबावर बारीक तुषार उडतात. ते वर्षानुवर्षे श्वासातून गेले तर फुप्फुसाचा कर्करोग होऊ शकतो. काम देणाऱ्या ठेकेदाराला विचारा, त्रिसंयुजी क्रोमचे पाणी मिळेल का? ते बाजारात आहे आणि त्याचा धोका बराच कमी आहे.

सर्वांत मोठे भय मात्र वेगळेच आहे. काही ठिकाणी झिंकच्या टबात सायनाइड असते. गंज काढायचे ॲसिड त्यात पडले की विषारी वायू निघतो आणि काही मिनिटांत जीव जाऊ शकतो. त्याचा वास पुष्कळांना येतच नाही. तोंडाला ओढणी बांधून तो अडत नाही. त्यामुळे ॲसिडचा डबा आणि हा टब एका खोलीत नकोच. बादली, मग, जाळीसुद्धा वेगळी. आता विचार करा, एका घराने ॲसिड गटारात ओतले आणि पुढच्या घराने टबातले पाणी, तर ती भेट गटारात होते. त्या गटारात उतरतो तो कोण, हे आपल्याला सांगावे लागत नाही. म्हणून ते पाणी ओतू नका, झाकणाच्या डब्यात साठवून ठेकेदाराला परत द्या. तो घेत नसेल तर काम घेऊ नका.

टबाजवळ कोणी कोसळले तर एकट्याने आत धावू नका. दार-खिडक्या उघडा, हाका मारा, १०८ ला फोन करून 'सायनाइड' हा शब्द सांगा. तोंडाला तोंड लावून श्वास देऊ नका. डोळ्यात ॲसिड वा कॉस्टिक उडाले तर पापणी उघडी धरून स्वच्छ पाण्याने किमान वीस मिनिटे धुवा आणि मगच दवाखाना. लिंबू, सोडा, दूध काही नको. मुलाने ॲसिड प्यायले तर ओकारी काढू नका, मिठाचे पाणी पाजू नका. थंड पेयाच्या बाटलीत ॲसिड भरून ठेवायची सवय तर आजच मोडा. ॲसिड पातळ करताना पाण्यात ॲसिड ओतावे, ॲसिडमध्ये पाणी कधीच नाही. टबातून बुडबुडे येतात त्यात हायड्रोजन असतो. शेजारी शेगडी, मेणबत्ती, अगरबत्ती नको.

जाता जाता एक गोष्ट. कडक पोलादाच्या स्प्रिंगा आणि बोल्ट प्लेटिंगनंतर भट्टीत तापवले नाहीत, तर ते ठिसूळ होऊन अचानक तुटू शकतात. ब्रेकचे असे काम घरी घेऊच नये.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४६ साली कारखान्याचा आठवडा ५४ तासांवरून ४८ तासांवर आला. क्रोमिक ॲसिडचे प्लेटिंग कारखान्यांच्या नियमांत धोकादायक कामांत धरलेले आहे. तिथे कामगारांचे हात-नाक तपासावे लागतात. घरच्या मोरीत ना तास मोजले जातात, ना नाक पाहिले जाते. ठेकेदाराने काम घरात ढकलले, त्याबरोबर ही जबाबदारीही ढकलली.

येत्या पौर्णिमेला विहारात आपण हे काम करणाऱ्या सगळ्यांचे हात आणि नाक पाहणार आहोत. घरातली मुलेही आणा. डब्यांवरची लेबले फाडू नका, त्यांचा फोटो सोबत असू द्या.