कुलूपबंद कपाटातले राउटर

नेटवर्किंग शिकायचे म्हणजे एका संगणकावरची माहिती दुसऱ्यापर्यंत कशी पोचते आणि ती मध्येच कुठे अडते, हे ओळखायला शिकायचे. त्यासाठी स्वतः जोडता येईल, बिघडवता येईल आणि पुन्हा दुरुस्त करता येईल असे छोटे नेटवर्क पहिल्या दिवसापासून हाताशी लागते. प्रस्तुत लेखकाला हे एका क्लासमध्ये ४५,००० रुपये फी आणि सहा महिने घालवल्यावर कळले.

क्लासमधले राउटर आणि स्विच काचेच्या कपाटात कुलूपबंद असत. ओएसआय मॉडेलचे ७ स्तर घोकून घेतले जात. शेवटचे दोन महिने सिस्को कंपनीच्या सीसीएनए परीक्षेचे फुटलेले प्रश्नसंच वाटण्यात गेले. ‘हेच पडतात, उत्तरे पाठ करा,’ असे सर बजावत. असे प्रश्नसंच वापरणे सिस्कोच्या नियमांविरुद्ध आहे आणि ते उघडकीस आल्यास प्रमाणपत्र रद्द होऊ शकते, हे मात्र त्यांनी एकदाही सांगितले नाही.

पहिल्याच मुलाखतीत समोर लॅपटॉप ठेवला गेला. इंटरनेट चालत नव्हते. पडद्यावर १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसत होता. हा पत्ता कुठून आला, असे विचारल्यावर लेखकाने ‘राउटरने दिला’ असे उत्तर दिले. मुलाखत तिथेच संपली. पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपी सर्व्हरकडून उत्तर न आल्यास संगणक स्वतःच असा पत्ता घेतो. केबल दुसऱ्या व्हीलॅनच्या, म्हणजे त्याच स्विचवरच्या वेगळ्या नेटवर्कच्या, पोर्टमध्ये होती आणि तिथे पत्ता देणारे कोणी नव्हते. व्हीलॅनची व्याख्या लेखकाला तोंडपाठ होती. व्हीलॅन चुकल्यावर काय दिसते, ते कधी दाखवलेच गेले नव्हते. क्लासमध्ये जाऊन हे सांगितल्यावर सर म्हणाले, ‘नशिबाचा भाग असतो,’ आणि फी परत मिळणार नाही हा पावतीवरचा नियम त्यांनी पुढे केला.

हे स्वतः शिकायचे असेल, तर सुरुवात घरच्या संगणकापासून करावी. विंडोजमध्ये आयपीकॉन्फिग ही आज्ञा देऊन आपला पत्ता, सबनेट मास्क आणि गेटवे वहीत लिहावेत. मग आधी गेटवेला पिंग करावे, नंतर ८.८.८.८ या बाहेरच्या पत्त्याला, शेवटी एखाद्या संकेतस्थळाच्या नावाला. पहिली दोन उत्तरे आली आणि नाव सापडलेच नाही, तर दोष बहुधा नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा असतो.

सबनेटिंग, म्हणजे पत्त्यांचे गट पाडणे, कागदावरच करावे. १९२.१६८.१.७०/२६ हा पत्ता ६४ ते १२७ या गटात पडतो. ६४ हा नेटवर्कचा, १२७ ब्रॉडकास्टचा आणि मधले ६२ पत्ते वापरायचे. अशी रोज पाच उदाहरणे सोडवली की महिन्याभरात हात बसतो.

नेटवर्कची नक्कल करणारा पॅकेट ट्रेसर सिस्कोच्या नेटवर्किंग अकादमीत मोफत मिळतो. त्यात दोन संगणक आणि एक स्विच जोडावा, मग दोन व्हीलॅन करून राउटर आणि त्यांपैकी एकाच व्हीलॅनसाठी डीएचसीपी बसवावे. सगळे चालू झाले की एक केबल मुद्दाम डीएचसीपी नसलेल्या व्हीलॅनमध्ये लावावी. मुलाखतीतल्यासारखाच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता तिथे दिसतो. नंतर खऱ्या संगणकावर, नेटवर्कवरचे संदेश दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये डिस्कव्हर, ऑफर, रिक्वेस्ट आणि अ‍ॅकनॉलेज हे डीएचसीपीचे चार संदेश पाहावेत. मग ते पाठ करावे लागत नाहीत.

हा सराव रोज करावा. क्लास लावायचाच असेल, तर आधी चालू वर्गात तासभर बसू द्यावे, असा आग्रह धरावा. फी हप्त्यांनी भरावी. ‘शंभर टक्के नोकरी’ अशी हमी दिली जात असेल, तर ती लेखी मागावी; प्रस्तुत लेखकाने ती तोंडीच मानली होती. विद्यार्थ्यांचे हात उपकरणांना लागत नसतील, कपाटाला कुलूप असेल, तर त्या क्लासमध्ये एक रुपयाही भरू नये.