उताराला पायडल किती कामाचं?

प्रश्न : पन्हाळ्यावरून वाघबीळकडे उतरताना मी जीव खाऊन पायडल मारतो. माझा दोस्त अंगानं दणकट. पाय न हलवता पुढं जातो. असं का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : हिशेबच मांडू. तुम्ही आणि सायकल मिळून ८० किलो, शंभर मीटरला पाच मीटर उतार, वारा पडलेला. ताठ बसून नुसती सोडून दिलीत, तर साधी सायकल ताशी ३८-३९ किलोमीटरच्या आसपास स्थिरावते. त्या वेगाला उतार तुम्हाला सुमारे ४२० वॅट फुकट पुरवतो. त्यातले पन्नासेक टायर खातात, बाकी सगळे हवा.

आता वर स्वतःचे १०० वॅट घाला. सपाटीला एवढ्या ताकदीवर ताशी बावीस किलोमीटर जाता येतं. उताराला मात्र जेमतेम चारची भर पडते. कारण हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनानं वाढते : वेग दुप्पट हवा, तर ताकद आठपट. त्यात सायकल बिनगिअरची असेल तर चाळिशीच्या वेगाला मिनिटाला सव्वाशे फेरे मारावे लागतात. त्याहून हळू पाय फिरले की फ्रीव्हील नुसतं कटकटतं, चाकाला काही पोचत नाही.

दोस्ताचं गणित वेगळं. सायकलसह तो १०० किलो भरला, तर उताराचा जोर सव्वापट होतो. वाऱ्याला आडवं येणारं अंग मात्र तेवढं वाढत नाही. तीन-चार किलोमीटर त्याला तिथंच मिळतात. चढाला हेच वजन त्याला घाम फोडेल. मुंबई-पुणे शर्यतीतला ‘घाटाचा राजा’ बोरघाट चढणाऱ्यांतून निवडतात, ते रास्तच!

त्याला गाठायचं तर कोपर दुमडा, छाती हँडलकडे न्या. पाय थांबलेले असले तरी पंचेचाळीसच्या घरात जाल. सीट सोडून पुढच्या दांडीवर मात्र बसू नका. सायकलिंगच्या जागतिक संघटनेनं १ एप्रिल २०२१ पासून शर्यतींतही ते बंद केलं आहे.

आणि ब्रेक? याच उताराला वेग विसावर धरायचा, तर रबरांना सुमारे १४० वॅटची उष्णता सतत सोसावी लागते. पावसात तर पहिले काही फेरे रबर रिमवरचं पाणीच पुसत बसतं. तेव्हा वळण दिसण्याआधीच हलके ब्रेक लावायला लागा, आणि दोस्ताला जाऊ द्या पुढं.